निष्ठा मागण्याआधी काम दाखवा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार जण पाठवायचे आणि त्यांना जर्मन भाषा सरकारने शिकवायची, असे ठरले. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन अशी कामांची यादीही आली. तेव्हापासून हा विषय निघाला की तेच भांडण नव्याने सुरू होते. एक पक्ष म्हणतो, ही पोरे तिकडे पोचली की वर्षभरात जास्त पैसे देणाऱ्याकडे उडी मारतील आणि मागून जाणाऱ्यांची वाट बंद करतील. तेव्हा ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडणार नाही, असा बाँड आधी लिहून घ्या. दुसरा पक्ष म्हणतो, ही वेठबिगारीच आहे, परक्या मालकाशी कसली आलीय निष्ठा, मिळेल तेवढे कमवावे आणि परत यावे. दोघेही तावातावाने बोलतात ते पगार, व्हिसा आणि संस्कार या तीनच गोष्टींबद्दल. सकाळी सहाला वॉर्डात पाऊल टाकल्यापासून दुपारी पाळी संपेपर्यंत त्या मुलीने हातांनी काय करायचे, स्वतःच्या डोक्याने काय ठरवायचे आणि कोणाला जाब द्यायचा, हा प्रश्न या वादात मी एकदाही ऐकलेला नाही.

माझ्या मते सगळे तिथेच अडले आहे. परदेशी गेलेला माणूस मालकाला धरून राहील की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या वाट्याला आलेल्या कामाच्या घडणीवर ठरते. कामाचे तुकडे कसे पाडले आहेत, त्यातले किती त्याच्या अखत्यारीत आहे, त्याला येणारी विद्या त्यात लागते का, केलेल्याचे फळ त्याच्या डोळ्यांना दिसते का, यावर ठरते. देशात राहणाऱ्यापेक्षा परदेशात गेलेल्याला हे जास्त लागू पडते. इथे नोकरी कितीही रुक्ष असली तरी संध्याकाळी माणूस कोणाचा तरी मामा असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, गणेश मंडळात त्याच्या शब्दाला वजन असते. परदेशातली पहिली काही वर्षे यातले काहीच हाताशी नसते. काम हीच एक जागा उरते, जिथे तो कोणीतरी असतो. तीही पोकळ निघाली, तर त्याने कशाला धरून राहावे?

मिरजेत अतिदक्षता विभागात सहा वर्षे काढलेली एक परिचारिका माझ्या परिचयाची आहे. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, शिरेतून द्यायची औषधे, रात्री दोनला डॉक्टर पोचेपर्यंतची पंधरा मिनिटे एकटीने निभावणे, हे तिचे रोजचे काम. जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा देऊन ती दक्षिण जर्मनीतल्या एका मोठ्या रुग्णालयात गेली. पदवीला मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून राबावे लागेल, पगार कमी असेल, हे तिला माहीत होते. करारात ते लिहिलेच होते. करारात नव्हते ते असे: अकरा महिने तिला एकच काम मिळाले. या खोलीतून त्या खोलीत जाऊन रुग्णांची अंगे पुसायची, चादरी बदलायच्या, जेवणाचे ट्रे मांडायचे. रक्तदाब दुसरीने बघायचा, औषधे तिसरीने द्यायची. एका आजोबांचा श्वास बदललाय असे तिने सांगितले, तेव्हा ते तुझ्याकडे नाही, असे शांतपणे ऐकवले गेले. पगार वेळेवर होत होता, राहायला नीट खोली होती, कोणी वाईट बोलले नाही. मान्यतेचे पत्र हातात पडल्यावर तीन आठवड्यांत तिने राजीनामा दिला आणि एका लहान गावातल्या रुग्णालयात गेली. तिकडच्यांच्या लेखी ती सोडून गेलेली आणखी एक परदेशी नर्स ठरली. मिरजेतही लोक म्हणाले, हाव सुटली असेल. पण नव्या ठिकाणचा पगार जुन्या रुग्णालयात मान्यतेनंतर मिळाला असता तेवढाच होता.

या अनुभवाला संशोधनाचा आधार आहे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात कामाची पाच अंगे मांडली: कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत हाती असणे, त्याचे इतरांच्या लेखी मोल, निर्णयाची मोकळीक आणि केलेले कसे झाले याची पोच. मिरजेच्या या परिचारिकेकडे यांपैकी काय उरले होते? कामाचे मोल होते, रुग्णाला स्वच्छ अंग हवेच असते. बाकीची चारही अंगे तोडून टाकली होती. पुढे १९९० मध्ये कॅनडातल्या नॅटली अ‍ॅलन आणि जॉन मेयर यांनी संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. एक मनाची: इथे राहावेसे वाटते म्हणून राहणे. दुसरी हिशेबाची: सोडणे परवडत नाही म्हणून राहणे. तिसरी कर्तव्याची: सोडणे बरोबर दिसत नाही म्हणून राहणे. बाँडचा आग्रह धरणारे दुसरी बांधिलकी विकत घेतात आणि पहिलीची अपेक्षा करतात. हिशेबाने थांबलेला माणूस हिशेब बदलला की जातो; तिचा हिशेब मान्यतेच्या पत्राने बदलला. शिवाय थांबलेल्या काळातही तो नेमून दिलेल्या कामापलीकडे काडी हलवत नाही. आजोबांच्या श्वासाबद्दल पुढच्या वेळी ती कशाला बोलेल?

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेतो, कारण ते खरोखर भक्कम आहेत. पहिला पैशाचा. माणूस घरदार सोडून जातो तो पैशासाठी, हे नाकारणे खोटेपणाचे आहे. इतिहासही त्या बाजूला उभा दिसतो. हेन्री फोर्डने १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारींची जुळणी आणली, तेव्हा कामाचे इतके बारीक तुकडे पडले की त्या एका वर्षात कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर, म्हणजे एकेका जागेमागे वर्षात तीन-चार जणांवर पोचले. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जवळपास दुप्पट, म्हणजे दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. पुढच्या वर्षी ते प्रमाण १६ टक्क्यांवर आले. कामाची घडण तीच राहिली, पैसा बदलला आणि माणसे थांबली. मग माझ्या म्हणण्यात काय उरले?

उरते ते असे. त्या कारखान्यातले बहुसंख्य कामगार परदेशातून आलेले होते: पोलिश, रशियन, रुमानियन, इटालियन, ग्रीक. ते ५ डॉलर सरसकट नव्हते. कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो कसा राहतो, दारू पितो का, पैसे कुठे पाठवतो हे तपासत आणि मगच पूर्ण रक्कम मंजूर होई. त्याच जानेवारीत ग्रीक आणि रशियन कामगार त्यांच्या जुन्या पंचांगानुसार आलेल्या नाताळला घरी राहिले म्हणून कंपनीने सुमारे ९०० जणांना काढून टाकले. फोर्डने हजेरी विकत घेतली, आणि ती शेजारचा कारखाना निम्मी मजुरी देत होता तोवरच स्वस्त पडणारी होती. जर्मनीत सार्वजनिक रुग्णालयांचे पगार सामूहिक वेतनकराराने ठरतात. सप्टेंबर २०२२ पासून वृद्ध आणि परावलंबी रुग्णांच्या शुश्रूषा संस्थांनाही त्या पातळीचे वेतन देणे बंधनकारक झाले. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पगार जवळपास सारखाच असेल, तर माणूस अलीकडे थांबेल की पलीकडे जाईल, हे पैसा कसे ठरवणार? मुलगी मिरजेहून जर्मनीला का गेली, याचे उत्तर पगार देतो. जर्मनीत पोचल्यावर या रुग्णालयातून त्या रुग्णालयात का गेली, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा. व्हिसाच मालकाच्या हातात असेल तर बांधिलकीच्या गप्पा कशाला, असे म्हणणाऱ्यांशी मी पुष्कळसा सहमत आहे. आपल्या कोकणातून, विशेषतः रत्नागिरी परिसरातून, १९ व्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिट्यांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, 'डबल कट' ठाऊक होता: एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १९०९ पर्यंत हा नियम टिकला. त्या उसाच्या मळ्यांत मजूर पाच वर्षे टिकत, म्हणून त्यांना मालकाशी बांधिलकी होती असे कोण म्हणेल? आखाताच्या कफाला पद्धतीत, जिथे कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, त्याच विचाराची सावली आहे. पण संयुक्त अरब अमिरातीत काय झाले ते बघा. जानेवारी २०११ पासून तिथे करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरीकडे जाता येऊ लागले. मालकांना वाटणारी भीती उघड होती: दार उघडले की सगळे उडून जातील. या बदलाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मालक बदलणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हे खरेच. पण देश सोडून परत जाणारे त्याहून जास्त घटले आणि एकूण हिशेबात त्याच कंपनीत राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले. आधीपासून तिथे असलेल्यांची कमाईही वाढली. नव्याने येऊ पाहणाऱ्यांची मात्र मागणी आणि मजुरी कमी झाली, हेही सांगायला हवे. म्हणजे जाण्याचा हक्क दिल्याने थांबणे वाढले. कायदा हा पायाच आहे, त्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ. पण जाण्याचा हक्क मिळाल्यावर माणूस कुठे थांबतो, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच, आणि मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

तिसरा मुद्दा संस्कारांचा. आपल्या माणसाला निष्ठाच नाही, अशी ही तक्रार. ही मराठी माणसाने आधी कुठे ऐकली आहे? गिरणगावात. मुंबईच्या गिरणीमालकांचे पिढ्यान्‌पिढ्या हेच रडगाणे होते की कोकणातला, घाटावरचा हा चाकरमानी मनाने गावातच असतो, शिमग्याला जातो तो पेरणी उरकूनच परततो, त्याला गिरणीशी काही देणेघेणे नाही. १९३१ च्या मजूर आयोगाच्या अहवालानेही म्हटले की हे कामगार शहराकडे ओढले गेलेले नाहीत, गावातून ढकलले गेले आहेत. पुढे १९६५ मध्ये मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकी इतिहासकाराने हा समज उलटा करून दाखवला. त्याचे म्हणणे असे की कामगारांत खोट नव्हती. मालकांनीच गिरण्या तशा चालवल्या होत्या. भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या हातात, फाटकाशी रोज बदली कामगारांचा घोळका, आज काम आहे आणि उद्याची खात्री नाही. माझे म्हणणे एवढेच: ज्याला रोज सकाळी फाटकावर उभे राहून आज काम मिळेल का याची वाट बघावी लागते, त्याने मनात गाव धरून ठेवले यात नवल कसले? गाव हाच त्याचा विमा होता. अस्थिर काम देणाऱ्यानेच माणूस अस्थिर असल्याची तक्रार करायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आणि ती फक्त आपलीही नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हा दोन वर्षांनी माणसे परत पाठवायची आणि नवी आणायची असे ठरले होते. शिकवून तयार केलेली माणसे दर दोन वर्षांनी गमावणे परवडत नाही म्हणून उद्योगांनीच ओरड केली आणि १९६४ मध्ये ती अट गेली. माणसे थांबली, पण त्यांच्या कामाकडे कोणी पाहिले नाही. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावरची सर्वांत वेगवान, अंगमोडीची कामे तुर्की कामगारांकडे होती. १९७३ च्या उन्हाळ्यात अनातोलियातल्या गावांहून सुट्टीवरून उशिरा परतले म्हणून सुमारे ३०० जणांना काढले आणि त्यांचे काम उरलेल्यांवर टाकले. ऑगस्टच्या अखेरीस संप पेटला. मागण्या बघा: मजुरी वाढवा, हो, पण पट्ट्याचा वेग कमी करा, आणि गावी जाऊन यायला पुरेल अशी सलग सुट्टी द्या. मला यात थेट गिरणगाव दिसतो. गणपतीला गेलेला चाकरमानी आणि अनातोलियाला गेलेला तुर्क, दोघांवर आरोप एकच आणि दोघांच्या कामाची घडणही एकाच जातीची.

याच ठिकाणी चौथा मुद्दा येतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. अनेक स्थलांतरित स्वतःच सांगतात की मला कामात समाधान नको, पाच वर्षांत घराचे कर्ज फेडायचे आहे. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनीही मान्य केले होते की कामातून स्वतःची वाढ व्हावी ही भूक सगळ्यांत सारखी नसते. मग अशा माणसावर समृद्ध काम लादणे हा आपलाच मध्यमवर्गीय हट्ट नाही का? काही अंशी आहे. दुबईत क्रेन चालवणाऱ्या मंडणगडच्या माणसाला मी निर्णयप्रक्रियेतल्या सहभागावर व्याख्यान द्यायला जाणार नाही. पण तोसुद्धा कोणत्या फोरमनच्या हाताखाली जायचे नाही आणि कोणत्या साइटवर पुन्हा जायला आवडेल, हे नेमके सांगतो. त्याच्या बोलण्यात पगाराइतकेच येते ते हे की त्या साहेबाने माझ्यावर क्रेन सोपवली होती, मध्ये मध्ये बोट घालत नव्हता. निर्णयाची मोकळीक हा शब्द त्याच्याकडे नाही, वस्तू आहे. पैशासाठी गेलेल्या माणसाला पैशापलीकडे काही कळत नाही, हे गृहीत धरणे सोयीचे आहे, कारण मग त्याला काहीही काम देता येते.

एक आत्मपरीक्षण इथे केलेच पाहिजे. रुग्णाचे अंग पुसणे, त्याला शौचाला बसवणे हे आपल्याकडे नातेवाईक, आया, वॉर्डबॉय यांच्यावर सोडलेले असते. शिकलेल्या परिचारिकेने ते करायचे नाही, या समजुतीच्या मुळाशी आपली जात आणि विटाळाची जुनी कल्पना आहे. जर्मन परिचारिका तीन वर्षे शिकून हे काम अभिमानाने करते आणि अंग पुसता पुसता त्वचा, सूज, श्वास, मनःस्थिती सगळे टिपते. तेव्हा आमच्या मुलींना खालचे काम दिले, अशी ओरड मला मान्य नाही. माझा आक्षेप कामाच्या तुकड्यांवर आहे. एकीने सगळ्यांची अंगे पुसायची, दुसरीने सगळ्यांचे रक्तदाब मोजायचे, अशी विभागणी केली की अंग पुसणे नुसते अंग पुसणे उरते. याउलट चार रुग्ण एकीच्या पूर्ण जबाबदारीवर दिले, तर तेच काम निदानाचा भाग होते. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये योस द ब्लोक यांनी सुरू केलेली ब्युर्टझोर्ख ही घरपोच शुश्रूषेची संस्था याच पायावर उभी आहे: जास्तीत जास्त बारा जणींचा गट, वर साहेब नाही, रुग्णाचे वेळापत्रकापासून मलमपट्टीपर्यंत सगळे गटाने ठरवायचे. १९८३ मध्ये अमेरिकेत परिचारिकांचा दुष्काळ असताना कोणती रुग्णालये त्यांना टिकवून धरतात याचा शोध घेतला गेला आणि ४१ रुग्णालये निवडली गेली. तिथे सारखे आढळले ते परिचारिकेच्या निर्णयाला असलेले वजन.

आयटीतल्या ऑनसाइटवाल्यांबद्दलही आपण असेच घाईने बोलतो. पुण्याचा इंजिनिअर न्यू जर्सीत ग्राहक कंपनीच्या कार्यालयात बसतो. काम तिचे, शाबासकी तिची, चूक झाली तर बोलणीही तिची. त्याची स्वतःची कंपनी त्याला आठवड्याच्या टाइमशीटपुरती आठवते. मग ग्राहकानेच नोकरी देऊ केली आणि तो गेला, तर त्याने कोणाला दगा दिला?

माझ्या ओळखीच्या परिचारिकेकडे परत येतो. नव्या रुग्णालयात तिला तीन खोल्या दिल्या आहेत. त्या खोल्यांतल्या रुग्णांचे सगळे तिचे: अंघोळ, औषधांच्या गोळ्या, नोंदी, डॉक्टरांच्या फेरीत दोन वाक्यांत सांगायचा अहवाल. पहिले काही आठवडे तिच्या जर्मनमुळे फेरी रेंगाळायची. वरिष्ठ परिचारिकेने फेरी दहा मिनिटे आधी सुरू केली, एवढाच बदल केला. मी विचारले, किती वर्षे राहशील तिथे? ती म्हणाली, अजून विचार केलेला नाही.

म्हणून आपल्या सरकारकडे माझी एक साधी मागणी आहे. पुढची तुकडी पाठवण्याआधी समोरच्या मालकाकडून पगारपत्रकाबरोबर कामपत्रकही घ्या. मान्यता मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर रोजच्या पाळीत कोणती कामे, किती रुग्ण, कोणते निर्णय तिने घ्यायचे, तिला येणाऱ्या कोणत्या गोष्टी करू द्यायच्या नाहीत आणि का, चूक किंवा बरोबर कोण सांगणार आणि किती दिवसांनी. ते मराठीत भाषांतर करून मुलींच्या हातात द्या, बी-टूच्या वर्गात त्यावर चर्चा करा, आणि वर्षभराने प्रत्यक्षातले काम त्या कागदाशी ताडून बघा. भरतीचा खर्च परत द्या, मुदतीआधी सोडू नका, अशी कलमे मालक मागतील तेव्हा त्यांच्यासमोर हाच कागद ठेवा.